कंपन्या चार, घरात येणारी वायर एक! नांदेड-लातूरच्या इंटरनेटचे दुखणे नेमके कुठे आहे?

नांदेड आणि लातूरमध्ये इंटरनेट नाही, असे आज कोणी म्हणणार नाही. फाइव्ह-जीचे फलक चौकाचौकात आहेत आणि विजेच्या खांबांवर फायबरची वेटोळी लोंबकळताना दिसतात. तरीही घर बदलताना नव्या शेजाऱ्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुमच्याकडं कुणाचं नेट आहे? संध्याकाळी चालतं का?’ यातला ‘संध्याकाळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पैसे महिनाभराचे भरायचे आणि सेवा मात्र गर्दी नसेल त्या वेळेची मिळवायची, हा अनुभव इतका सवयीचा झाला आहे की त्याबद्दल तक्रार करता येते हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न केवळ सिनेमा अडकण्याचा राहिलेला नाही. लातूरच्या ट्यूशन एरियातला आणि नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगरातला विद्यार्थी सराव चाचणी ऑनलाइन देतो. प्रवेशाच्या कॅप फेरीचे पर्याय ठरावीक मुदतीत ऑनलाइनच भरावे लागतात. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत सातबारावर पिकाची नोंद करण्यासाठी शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवरून फोटो काढणे अपेक्षित आहे आणि ती नोंद वर चढवायला शेवटी नेटवर्क लागतेच. लाडक्या बहिणीची ई-केवायसी असो की शेतकरी ओळखपत्र, ओटीपी आला नाही तर काम थांबते. शासनाने आपला दरवाजा मोबाइलच्या पडद्यावर आणून ठेवला आहे. तो पडदा गोल गोल फिरत राहिला तर नुकसान मनोरंजनाचे होत नाही, हक्काचे होते.

मग चार मोठ्या कंपन्या, स्पर्धा, स्वस्त डेटा असे सगळे असताना ग्राहक हतबल का? टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

पर्याय नेमके किती?

मोबाइलसाठी देशभर आज चारच नावे उरली आहेत : जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि सरकारी बीएसएनएल. दहा वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, दर कोसळले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत बाजार आकसला. एअरसेल दिवाळखोरीत गेली. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र झाल्या. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार देशातील ब्रॉडबँड ग्राहकांपैकी सुमारे ९८ टक्के ग्राहक पहिल्या पाच कंपन्यांकडे आहेत.

अशा बाजारात काय होते, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. बीएसएनएलने वाढवले नाहीत. पुढचे काही महिने बीएसएनएलचे ग्राहक वाढले आणि वर्ष संपेपर्यंत हा ओघ पुन्हा उलटला. लोकांना पर्याय हवा होता, म्हणून ते गेले. पण तेव्हा बीएसएनएलचे फोर-जी बहुतेक ठिकाणी पोहोचलेलेच नव्हते. देशी तंत्रज्ञानावरच्या त्या फोर-जी जाळ्याचे राष्ट्रार्पण सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. स्वस्त असूनही न चालणारा पर्याय हा पर्याय नसतो, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

घरच्या वायरच्या इंटरनेटचे गणित आणखी वेगळे आहे. इथे देशात किती कंपन्या आहेत याला अर्थ नाही. तुमच्या गल्लीतल्या खांबापर्यंत किती जणांची फायबर आली आहे, एवढाच प्रश्न असतो. मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत ती तीन-चार जणांची असू शकते. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतीत एकाची. उदगीर, निलंगा, देगलूर, मुखेड अशा तालुक्याच्या गावांत बहुतेकदा एखादा स्थानिक केबलचालकच इंटरनेटही पुरवतो.

यात एक मेख आहे. साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी ‘सी’ वर्गाचा इंटरनेट परवाना मिळतो. पण अनेक केबलचालक स्वतः परवाना न घेता मोठ्या परवानाधारकाचे भागीदार म्हणून काम करतात. त्यामुळे बिलावरचे नाव बदलते, योजनेचे रंगीत पत्रक बदलते, पण खांबावरची वायर आणि दुरुस्तीला येणारा माणूस तोच राहतो. ग्राहकाला वाटते आपण कंपनी बदलली. प्रत्यक्षात बदलतो तो फक्त शिक्का.

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. घरच्या ब्रॉडबँडला अशी सोय नाही. कंपनी बदलायची तर नवी वायर, नवा राऊटर, पुन्हा जोडणीचा खर्च आणि जुन्या कंपनीकडे अडकलेली सहा किंवा बारा महिन्यांची आगाऊ रक्कम. या खर्चामुळेच नाराज ग्राहकही जागेवरच राहतो.

शंभर एमबीपीएस संध्याकाळी जातात कुठे?

जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द वाचायला हवा.

फायबरची रचना झाडासारखी असते. सर्वसाधारण जीपॉन तंत्रज्ञानात एका मुख्य धाग्यावरून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती खाली येते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले, तर विक्री ६.४ गिगाबिटची झाली. यात फसवणूक नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतकावर जगभरातले इंटरनेट चालते. एसटीच्या पासधारकांची संख्या गाडीतल्या आसनांपेक्षा जास्त असते, तसेच हे.

खरी अडचण त्याच्या वरच्या टप्प्यावर येते. सेवा देणाऱ्याने बाहेरच्या जगाशी जोडणारी जाडी किती विकत घेतली आहे? उदाहरणादाखल हिशेब करू. एका चालकाकडे १०० एमबीपीएसचे ५०० ग्राहक आहेत आणि त्याने वरून फक्त १ गिगाबिट घेतले आहे. दुपारी कोणाला काही जाणवणार नाही. रात्री साडेआठला निम्मे, म्हणजे २५० ग्राहक एकाच वेळी व्हिडिओ लावतील तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला ४ एमबीपीएस येतील. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ किंवा ऑनलाइन तासिका अडखळायला हे पुरेसे आहे. वायर तुटलेली नाही, राऊटर बिघडलेला नाही. वरची पाइपलाइनच बारीक आहे.

अशा वेळी स्पीड टेस्ट केली तर आकडा चांगला येतो, असाही अनुभव येतो. कारण चाचणीचा सर्व्हर अनेकदा सेवा देणाऱ्याच्याच जाळ्यात असतो. म्हणजे घरापासून त्याच्या कार्यालयापर्यंतचा रस्ता मोजला जातो, पुढचा नाही. चाचणी करताना मुंबई किंवा हैदराबादचा, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडावा. खरे चित्र तिथे दिसते.

‘आपण मुंबईपासून लांब आहोत, म्हणून नेट हळू’ हा समजही काढून टाकायला हवा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ६०० किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सहा मिलिसेकंद लागतात, डोळ्याची पापणी लवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कितीतरी कमी. मराठवाड्याच्या वाट्याला आलेले संथ इंटरनेट हे भूगोलाचे नसून गुंतवणुकीचे फळ आहे.

मोबाइलला पूर्ण रेंज, तरी पान का उघडत नाही?

पडद्यावरच्या दांड्या फक्त तुमच्या फोन आणि टॉवरमधले नाते सांगतात. टॉवरपासून पुढे काय, हे त्यांना ठाऊक नसते. टॉवर जर फायबरने जोडलेला असेल तर पुढचा रस्ता रुंद. तो मायक्रोवेव्हच्या डिशवर चालत असेल, तर अनेक टॉवरची वाहतूक एका अरुंद दुव्यावर येते. फाइव्ह-जीचे चिन्ह दिसूनही वेग फोर-जीसारखा लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण वीज. टॉवरवर बॅटरी असते, काही ठिकाणी जनित्र असते. ग्रामीण भागात वीज तासन्‌तास गेली आणि बॅटरी जुनी असली की टॉवर मुका होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आला तसा पूर येतो तेव्हा वीज आणि फोन यांची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्या दोघांना सर्वांत जास्त धोका असतो.

तिसरे कारण जमिनीचे. किनवट-माहूरच्या डोंगर-जंगलात एका टॉवरचा आवाका कमी होतो, टॉवर जास्त लागतात आणि प्रत्येक टॉवरमागे ग्राहक मात्र कमी मिळतात. कंपनीच्या ताळेबंदात ती जागा शेवटी येते.

मोजमाप कुठे चुकते?

दूरसंचार परवान्यांच्या नकाशात मुंबई वेगळी आहे आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्यासह एकच ‘सर्कल’ आहे. ध्वनिलहरींचा लिलाव याच पातळीवर होतो आणि सेवेच्या दर्जाचे अहवालही वर्षानुवर्षे याच पातळीवर तयार होत आले. म्हणजे पुणे, नागपूर, पणजी, किनवट आणि जळकोट यांची एक सरासरी. हिंजवडीचे चांगले आकडे माहूरचे वाईट आकडे झाकून टाकतात आणि कंपनी काठावर का होईना, उत्तीर्ण होते.

‘ट्राय’ने २ ऑगस्ट २०२४ रोजी नवी दर्जा नियमावली आणली. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती लागू झाली. मोबाइल सेवेचा दर्जा तिमाहीऐवजी दरमहा तपासणे, कोणत्या भागात टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी आहे याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर टाकणे, नियमभंगाला एक लाखापासून दहा लाखांपर्यंत चढता दंड, अशा तरतुदी त्यात आहेत. एप्रिल २०२५ पासून, जिल्हा पातळीवरचा मोठा बिघाड २४ तासांहून अधिक चालला तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ देणेही बंधनकारक झाले आहे. घरच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांनंतरही दुरुस्त झाला नाही, तर त्याचीही भरपाई आहे.

हे पाऊल चांगलेच आहे. पण जिल्हाभराची सेवा २४ तास बंद पडण्याची वेळ क्वचित येते. जळकोट तालुक्यातला एखादा टॉवर पाच दिवस बंद राहिला, तर ती घटना या भरपाईच्या चौकटीत बसत नाही. रोज संध्याकाळी तीन तास वेग मरतो, तेही बसत नाही. मराठवाड्यातल्या ग्राहकाचा त्रास बहुतांशी याच दोन प्रकारांतला आहे.

‘ब्रॉडबँड’ची कायदेशीर व्याख्याही पाहण्यासारखी आहे. २००४ मध्ये किमान वेग २५६ केबीपीएस होता. पुढे तो ५१२ केबीपीएस झाला. जानेवारी २०२३ पासून तो २ एमबीपीएस आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये हीच व्याख्या १०० एमबीपीएसवर नेली. आपल्याकडे शंभरचे पैसे घेऊन चार दिले, तरी देणारा ‘ब्रॉडबँड’च देत असतो.

कंपन्यांची बाजू काय?

ती ऐकायलाच हवी. भारतातला डेटा जगातल्या सर्वांत स्वस्त डेटापैकी आहे. विरळ वस्तीत फायबर नेण्याचा खर्च प्रतिग्राहक कितीतरी जास्त येतो. रस्ता खोदाईची परवानगी, खांबाचे भाडे, जेसीबीने तुटणाऱ्या केबल यांनी लहान चालक मेटाकुटीला येतात. लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यातून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गासारखे रुंदीकरण असो की गावातली पाण्याची पाइपलाइन, खोदणाऱ्याने आधी केबलमालकाला कळवावे म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. कंत्राटदाराच्या जेसीबीचालकाने ते उघडले, तरच त्याचा उपयोग.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. परवानाशुल्क म्हणून कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या आठ टक्के रक्कम सरकारकडे जाते. त्यातले पाच टक्के खास ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या सेवेसाठीच्या निधीत जमा होतात. हा निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणून ओळखला जातो. हा पैसा अखेर ग्राहकाच्या रिचार्जमधूनच येतो. किनवटच्या ग्राहकाला चांगली सेवा देणे म्हणजे उपकार नव्हे. तिची वर्गणी त्यानेही भरलेली आहे.

भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीत थांबली का?

ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे पुढे ‘भारतनेट’ झाले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याचे हे काम. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्यातले काम राज्याने ‘महानेट’ म्हणून हाती घेतले. पण बरीच फायबर एकमार्गी टाकली गेली होती. मध्ये कुठेही तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. केबल टाकण्याचे पैसे होते, ती सांभाळण्याचे नव्हते.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात वर्तुळाकार रचना, दहा वर्षांची देखभाल आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी यांचा समावेश आहे. वर्तुळ म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने माहिती येते. आधीच्या चुकीची ही सरकारी कबुलीच म्हणायची. ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या यंत्रापासून गावातल्या घरापर्यंतचे शेवटचे काही शे मीटर कोण जोडणार, हा कळीचा मुद्दा आता तरी सुटायला हवा.

ग्राहकाने काय करावे?

जोडणी घेण्याआधी केंद्राच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पिनकोड टाकून आपल्या भागातले परवानाधारक पाहावेत. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याचा मोह टाळावा. पहिले तीन महिने तरी महिन्याच्या हिशेबाने घ्यावेत.

बिघाड झाला की खांबावर चढणाऱ्या मुलाला फोन करून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. त्याचा निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित आहे. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हेही लक्षात ठेवावे.

त्यापुढचा रस्ता ग्राहक आयोगाचा. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येते का, याबद्दल संदिग्धता होती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जाता येते’ असा स्पष्ट निकाल दिला. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहेत, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार ‘ई-जागृती’वर ऑनलाइनही करता येते. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. एक पथ्य पाळावे : रोज ठरावीक वेळी घेतलेल्या वेगचाचणीचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. ‘नेट हळू चालतं’ हे म्हणणे झाले. ‘वीस दिवस, रात्री नऊ वाजता, शंभरपैकी चार’ हा पुरावा झाला.

मग व्हायला काय हवे?

ग्राहकाने जागरूक व्हावे, हे बरोबरच. पण एकच वायर असलेल्या गल्लीत जागरूक ग्राहकही शेवटी त्याच वायरला बांधलेला राहतो. म्हणून चार गोष्टी धोरणात बदलायला हव्यात.

एक, दर्जाचे आकडे तालुकावार प्रसिद्ध करावेत. भरपाईसाठी जिल्हा हे एकक चालते, तर दर्जासाठी तालुका का चालू नये? प्रत्येक टॉवरची माहिती कंपन्यांच्या संगणकात असतेच.

दोन, ‘पर्यंत’च्या जोडीला ‘किमान’ छापणे सक्तीचे करावे. संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत किमान किती वेग मिळेल, हे योजनेच्या पत्रकावरच लिहिलेले असावे. न मिळाल्यास अर्ज न करता बिलातून वजावट व्हावी. ब्रिटनमध्ये २०१९ पासून बिघाड वेळेत दुरुस्त न झाल्यास ग्राहकाला आपोआप भरपाई मिळते, कारण तिथल्या बहुतेक मोठ्या कंपन्या तशा योजनेत सामील आहेत.

तीन, वायर आणि सेवा वेगळ्या कराव्यात. ‘ट्राय’ने २००४ मध्येच शिफारस केली होती की, बीएसएनएलच्या घरोघर गेलेल्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांना भाड्याने खुल्या कराव्यात. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्तीची केली नाही. वीस वर्षांनी तीच संधी भारतनेटच्या फायबरच्या रूपात पुन्हा समोर आहे. सार्वजनिक पैशातून टाकलेली ही फायबर उघड दरपत्रकाने कोणत्याही स्थानिक चालकाला मिळाली, तर एकाच वायरवर तीन-चार सेवा देणारे उभे राहू शकतील. केरळने जून २०२३ मध्ये सुरू केलेले ‘केफॉन’ वीज मंडळाच्या खांबांवरून गेलेले सरकारी जाळे आहे आणि घरापर्यंत जोडणी देण्यात स्थानिक केबलचालकांनाच सोबत घेते. महावितरणचे खांब आपल्याकडेही आहेत.

चार, नांदेड आणि लातूर महापालिकांनी खांब आणि भूमिगत नळ्यांचा वापर सर्वांना समान दराने खुला करावा. नव्या गृहप्रकल्पात एकाच कंपनीशी बांधून घेण्याच्या प्रथेला बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच आळा घालावा.

उपग्रहाच्या इंटरनेटची चर्चा आता सुरू झाली आहे. जिथे वायर जाऊच शकत नाही, अशा वाड्या-तांड्यांसाठी ते उपयोगी ठरेल. पण भरवस्तीच्या शहरांचा प्रश्न आकाशातून सुटणार नाही. तो खांबावरच सोडवावा लागेल.

मराठवाड्यात रस्ता, पाणी आणि रेल्वे यांच्यासाठी आंदोलने झाली, सर्वपक्षीय बैठका झाल्या. इंटरनेटची तक्रार मात्र प्रत्येक जण आपापल्या घरात, राऊटर बंद-चालू करत एकट्याने सोसतो. इंटरनेटही आता रस्त्याइतकीच सार्वजनिक गोष्ट झाली आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत किती किलोमीटर डांबर पडले हे विचारले जाते. किती गावांत संध्याकाळी नऊ वाजता नेट चालते, हेही विचारले जाईल, तेव्हा कंपन्यांनाही उत्तर शोधावे लागेल.